उंदी, रेंड, मूंड

चांद्याकडे जाऊन आले असे सांगितले की आपल्याकडची माणसे एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" मी नाही म्हणते. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव दिसते, ती पाहून मलाच ओशाळल्यासारखे होते. एवढ्या लांब गेली, ताडोब्याच्या उंबऱ्यावरून आली आणि वाघ न पाहताच परतली! आता त्यांना कसे सांगावे, की मी वाघ पाहायला गेलेच नव्हते. मी गेले होते लाडू पोचवायला.

माझी एक मैत्रीण अंबाजोगाईला असते. तिचा धाकटा मुलगा गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. तिथली ती गावे सरकारदरबारी 'अवघड क्षेत्र' म्हणून नोंदलेली. तिथे तीन वर्षे काढली की बदली मागण्याचा हक्क मिळतो. चिरंजीवांची तीन वर्षे भरली, पण अर्ज काही भरेनात. घरी मुली पाहणे चालू, आईचे गुडघे दुखू लागलेले. "तू एकतीस वर्षे मास्तरकी केलीस, तुझे तो ऐकेल," असे म्हणून तिने दोन डबे लाडू आणि हा निरोप माझ्या गळ्यात घातला. मीही निवृत्त, हातात वेळ होता. निघाले.

बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने चंद्रपूरला सकाळी उतरले. गोंड राजांचे हे जुने गाव. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशा दरवाजांचा कोट अजून गावाला वेढून आहे. कोटाबाहेर दगडी कोळसा आणि विजेचे कारखाने आहेत. म्हातारी माणसे अजूनही 'चांदा'च म्हणतात. त्यांच्या लहानपणी इथपासून थेट गोदावरी-इंद्रावतीपर्यंत सारा एकच चांदा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरच्या वाट्याला खाणी आल्या आणि गडचिरोलीच्या वाट्याला अरण्य आले, असे ढोबळपणे म्हणायला हरकत नाही. अर्थात आता सुरजागडच्या लोखंडाने गडचिरोलीच्या वाट्यालाही खाण आलीच आहे.

एस.टी.ने बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा वास मागे टाकला, गोंडपिपरी गेली, आष्टीजवळ वैनगंगेचा लांबलचक पूल लागला, आणि पलीकडे सागवान सुरू झाले. मला मात्र झाडांपेक्षा गाडीतल्या बोलण्याची मौज वाटत होती. माझ्या शेजारच्या बाई तेलुगूत बोलत होत्या, त्या सिरोंच्याकडच्या. मागच्या बाकावर दोघे बंगालीत भांडत होते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बाजूला चामोर्शी-मुलचेऱ्याकडे जमिनी देऊन वसवले, त्यांच्यापैकी ते. दाराजवळ बसलेला म्हातारा माडिया बोलत होता. उत्तरेला कोरचीकडे गेलात तर छत्तीसगढी ऐकू येते. आणि कंडक्टर! त्याने या सगळ्यांना आपापल्या बोलीत तिकिटे दिली आणि मला नागपुरी मराठीत विचारले, "कुठं जाऊन राह्यले, बाई?" पुढे चार दिवस मी ज्या गोष्टीचा विचार करणार होते, ती या कंडक्टरने कोणाच्या सांगण्यावाचून साधलेली होती.

आलापल्लीला रात्र काढली. सकाळी भामरागडच्या रस्त्याने काळीपिवळीतून निघाले. फाट्यावर भाचा (मी त्याला भाचाच म्हणते, तो मला मावशी म्हणतो) फटफटी घेऊन उभा होता. तिथून आत दोन कोस. फेब्रुवारीचे दिवस, नाल्याला घोटाभर पाणी. "पावसाळ्यात?" मी विचारले. "पावसाळ्यात आम्ही असतो तिथेच असतो," तो म्हणाला. पर्लकोटेला पूर आला म्हणजे खुद्द भामरागडचासुद्धा जगाशी संबंध तुटत आलेला आहे, तिथे या आडगावाचे काय!

शाळा दोन खोल्यांची, समोर मोहाचे झाड. पहिली ते चौथी मिळून पट सतरा, शिक्षक दोन. त्या दिवशी हजर तेरा. उरलेली चार मुले आईबापांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. "मार्चमध्ये मोह वेचायला आणखी काही जातील, मेमध्ये तेंदूच्या पानांना सगळेच. वेळापत्रक आपले, हंगाम त्यांचे," भाचा म्हणाला.

मी पहिलीच्या मुलांत जाऊन बसले. एकतीस वर्षे मी पहिली-दुसरीच शिकवली, त्यामुळे वर्गाचा वास आला की माझा हात आपोआप खडूकडे जातो. चित्र दाखवून विचारले, "आई कुठे गेली?" एक मुलगा चटकन म्हणाला, "आई गेलं." मी सवयीने दुरुस्त केले, "गेली." तो पुन्हा म्हणाला, "गेलं." भाच्याने मला हळूच बाजूला घेतले. "मावशी, तो चुकत नाही, तो भाषांतर करतो. माडियात पुरुष एकीकडे आणि बाया, झाडे, दगड, खुर्च्या सगळे दुसरीकडे. तीन लिंगे आपली. खुर्ची बाई का आणि पाट बुवा का, हे त्याला मी काय सांगू?" मी गप्प बसले. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर मलाही देता आले नसते.

माडिया ही गोंडीची जवळची बहीण, आणि गोंडी द्राविडी कुळातली. आपल्या मराठीपेक्षा तिचे नाते तेलुगू-कानडीशी. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक देशात निघाले, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. पाण्याला एर म्हणायचे, झाडाला मरा. सहा वर्षे हे शब्द ऐकलेले मूल जूनमध्ये शाळेत येते, आणि गुरुजी त्याला म्हणतात, "पाणी. झाड. म्हण पाहू." पुस्तकात पहिल्या पानांवर समुद्र, आगगाडी, दुमजली घर. तिथल्या सबंध जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेल्वेचे एकच स्टेशन, देसाईगंज-वडशाचे, तेही अगदी दुसऱ्या टोकाला. वस्तूही अनोळखी आणि तिचे नावही अनोळखी. आपल्याकडचे मूल निदान एका पायावर तरी उभे असते.

संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून भाच्याने मला एका मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी मी दिवसा पाहिली होती. अंगाने बारकी, नजर तीक्ष्ण. माझ्या पर्सच्या चेनचा तिला फार मोह पडला होता. ती पहिलीत आली ते गेल्याच्या गेल्या वर्षी, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रोज यायची, भिंतीला टेकून बसायची, जायची. भाच्याने तपासणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढे लिहिले, की एक ते दहा अंक येत नाहीत, आकलन नाही. "साहेबांनाही तोंडी सांगितले, की मुलगी मंद आहे."

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो नाल्यावर अंघोळीला गेला होता. पलीकडच्या काठाला पाच पोरे मासे धरत होती आणि ही बया त्यांची पाटलीण. कोणाला दटावते आहे, कोणाला पाण्यात पिटाळते आहे, तोंडाचा पट्टा चालू. मग मासे वाटायची वेळ आली. पानावर ओतले, मोजले, "उंदी, रेंड, मूंड, नालुंग…" सोळा भरले. प्रत्येकाला तीन-तीन दिले, एक उरला तो सर्वांत धाकट्याच्या हातात ठेवला, आणि वर पाहिले तो समोर गुरुजी! तिने तोंड मिटले ते मिटलेच.

"भागाकार, मावशी! बाकीसकट! आणि मी लिहिले होते, एक ते दहा येत नाहीत." तो बराच वेळ काही बोलला नाही.

मीही बोलले नाही, पण माझे कारण वेगळे होते. 'रेंड, मूंड, नालुंग' हे आकडे मी आधी कुठेतरी ऐकले आहेत असे मला दुपारपासून वाटत होते. आठवले तेव्हा अंधार पडला होता. खूप वर्षांपूर्वी पुण्यातल्या माझ्या वर्गात एक वडाऱ्याचा मुलगा होता. आईबाप दगड फोडायचे, घरात तेलुगू. तो मागच्या बाकावर बसून गोट्या मोजायचा, "रेंडु, मूडु, नालुगु," आणि मी त्याला म्हणायचे, "हे काय बरळतोस? नीट मोज." नीट म्हणजे मराठीत. दोन वेळा मी त्याला गोट्या जप्त करून बाहेर उभे केले. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. तेव्हा मला थोडे हलकेच वाटले होते, हे आज लिहिताना लाज वाटते. तो मोजत होता, आणि बरोबर मोजत होता. भाच्याला हे मी तिथेच सांगितले. त्याने चहा ओतला, इतकेच.

त्यानंतर त्याने गावातल्या एका आजीकडे शिकवणी लावली. तो तिला तंबाखू नेऊन द्यायचा, ती त्याला शब्द द्यायची. त्याच्या वहीत चारशेवर शब्द आहेत. वर्गात आधी त्यांच्या बोलीत गोष्ट, मग तीच मराठीत. आधी ओळखीच्या वस्तूचे नाव, मग अक्षर. गणिताला तेंदूची पाने. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, हा हिशेब या मुलांच्या घरातच असतो. गावाची मजुरी त्यावर ठरते. इथे मला एक जुना वाद आठवला. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'बरोबर 'वीस पाच' असेही वाचायला शिकवले, तेव्हा आपण शहरी मंडळींनी केवढी टिंगल केली होती! त्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर बिचाऱ्या समजावून थकल्या. मीही हसणाऱ्यांतच होते. इथे मुले 'सत्तर एक' म्हणतात, दशक कोणते एकक कोणते ते त्यांना लख्ख दिसते, आणि मग महिनाभराने 'एकाहत्तर' आपसूक येते.

दुसऱ्या दिवशी हेमलकशाला गेलो. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे इथे राहायला आले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. प्राण्यांची छायाचित्रेही सर्वांनी पाहिली आहेत. शाळेची गोष्ट मात्र मागे राहते. ती १९७६ ची. डॉक्टरला आधी माडिया शिकावी लागली, कारण कुठे दुखते हे विचारल्याशिवाय औषध देता येत नाही. दवाखान्यात ही गोष्ट कोणालाही पटते, शाळेत पटायला वेळ लागतो. इथे शिकलेली मुले डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली. २०१५ मध्ये प्रकल्पाने आणखी आत नेलगुंड्याला शाळा काढली, ती इंग्रजी माध्यमाची. हे ऐकून मी जरा थबकले.

थबकण्याचे कारण आदल्या रात्रीचे बोलणे. गावातल्या एका आईला मी विचारले होते, शाळा माडियातून असावी का? तिने भाच्याच्या मदतीने मला झाडले. "आमची बोली आम्ही शिकवू, त्याला गुरुजी कशाला? बाजारात मराठी, दवाखान्यात मराठी, जंगलखात्याचा माणूस मराठीत दरडावतो. पोरीला त्याला उत्तर देता आले पाहिजे." यावर काय बोलणार? पुण्यात बसून मातृभाषेच्या बाजूने भाषण करणे सोपे, कारण आपली मातृभाषा हीच तिकडे साहेबाची भाषा आहे.

आणि तिकडे धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने नेमके उलट केले. २०१९ मध्ये गावाने स्वतःच गोंडीतून शिकवणारी शाळा उघडली आणि तिला गोटूल हेच नाव जोडले. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस दिली. ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली. माझे तिकडे जाणे झाले नाही. पण कागद काढून पाहिले तर गंमत वाटते. घटनेत १९५६ साली ३५०-क हे कलम घातले गेले, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तोवर मातृभाषा आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात निदान पाचवीपर्यंत मातृभाषा आहे. तीनही ठिकाणी 'शक्य तोवर'च्या अर्थाचे शब्द आहेत, आणि अरण्यात शिरले की हे शब्द फार वाढतात, बांबूसारखे.

२०२५ साली आपल्याकडे पहिलीपासून तिसरी भाषा, म्हणजे हिंदी, यावरून केवढे रान उठले ते आठवते ना? २९ जूनला शासनाने ते निर्णय मागे घेतले. सहा वर्षांच्या लेकरावर परकी भाषा लादू नका, असे आपण सगळे म्हणालो. मी सुद्धा सहीच्या कागदावर सही केली. बरोबरच केले. फक्त तेव्हा भामरागडच्या सहा वर्षांच्या लेकराला मराठी काय लागते, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

भाच्याचे मत विचाराल तर तो वादात पडत नाही. "त्या आईचे खरे आहे आणि मोहगावचेही खरे आहे. मुलीला मराठी यायलाच पाहिजे. मी तिला तिच्या बोलीवरून चालवत तिथे नेतो. पण नेणारा पाहिजे ना!" या राज्यात भाषा जाणणारे गुरुजी किती कामाचे आहेत ते चंद्रपूरच्या दुसऱ्या टोकाला, जिवती तालुक्यात, उघडच दिसते. तिथली चौदा गावे महाराष्ट्र-तेलंगणाच्या वादात. एकाच गावात दोन राज्यांच्या शाळा, एक मराठी, एक तेलुगू, आणि मुले दोहोंकडे. त्याच तालुक्यात पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस चालते म्हणून नावाजली. गडचिरोलीतही सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीचे खुर्शीद शेख यांना २०२१ मध्ये आणि एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीचे मांतय्या बेडके यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. दिल्लीची नजर तिथे पोचते, हे चांगलेच.

पण पुरस्काराने पट वाढत नाही. वीसाच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, ही योजना २०२३ पासून चर्चेत आहे. भाच्याच्या शाळेचा पट सतरा. ही शाळा मिटली तर सहा वर्षांच्या मुलीने एकतर नाला ओलांडून जावे, नाहीतर आश्रमशाळेत राहावे. आश्रमशाळेत पोटभर जेवण आहे, पण मासे वाटून घ्यायला ती पाच पोरे नसतात.

आणि मुख्य गोष्ट, हा स्वतः. तीन वर्षांपैकी पहिले वर्ष न समजण्यात गेले, दुसरे शब्द गोळा करण्यात, आता कुठे तिसऱ्यात त्याला मुलांचे विनोद कळू लागले. नेमकी याच वेळी बदलीची खिडकी उघडते. त्याच्या जागी जो येईल त्याला पुन्हा 'एर'पासून सुरुवात. वही ठेवून जाईन म्हणतो. वही मी पाहिली. अक्षर लागत नाही.

निघायच्या सकाळी मुलांनी माझी परीक्षा घेतली. मी उंदी, रेंड, मूंड म्हटले आणि चौथ्याला अडले. त्या बारक्या मुलीने बोट वर करून मला सांगितले, "नालुंग," आणि पुढे शुद्ध मराठीत म्हणाली, "बाई, नीट मोजा." सगळा वर्ग हसला. भाच्यालाही हसू आवरेना. मी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

फाट्यापर्यंत फटफटीवर मी निरोप सांगून टाकला. आईचे गुडघे, मुली, सगळे. तो ऐकून घेत होता. म्हणाला, "अर्ज भरून ठेवलाय, मावशी. नेटवर्क आले की पाठवायचा." फाट्यावर नेटवर्क होते, माझ्या फोनवर चार संदेश वाजले. त्याने खिशातून फोन काढला नाही.

पुण्याला पोचले त्या रात्री मैत्रिणीचा फोन. "काय म्हणाला? भरला का अर्ज?"

"लाडू पोचले," मी म्हटले. "तेरा मुलांत दोन-दोन वाटले, चार उरले, ते मिरचीहून येणाऱ्यांना ठेवलेत. अर्जाचे तू त्यालाच विचार."